खिळा, यंत्र आणि बॅटरी



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून राजकारण, समाजसुधारणा, इतिहास, तत्त्वज्ञान अशा मोठमोठ्या विषयांनी इथली उन्हाळ्याची संध्याकाळ गाजवलेली आहे. अशा व्यासपीठावरून आज आम्ही बोलणार आहोत ते हातभर लांबीच्या एका यंत्राविषयी आणि त्यात घालावयाच्या बॅटरीविषयी. विषय ऐकून कित्येकांना हसू आले असेल. ते साहजिक आहे. आम्हांलाही आरंभी हे काम हसण्यावारी नेण्याजोगेच वाटले होते. एका माणसाच्या भुवईला दोन टाके पडले, तेव्हा आमचे हसू थांबले. ती हकीकत आपल्यापुढे ठेवावी आणि तिच्यातून आम्ही जे शिकलो ते सांगावे, एवढाच आजचा हेतू आहे.

आम्ही म्हणजे निवृत्तीनंतर जुने रेडिओ आणि बिघडलेली घड्याळे उघडून बसणारे सदाशिव पेठेतले तीन शेजारी. त्या तिघांपैकी बोलण्याची खोड असलेला एक आज आपल्यापुढे उभा आहे. तेव्हा यापुढे ‘आम्ही’ म्हटले की त्यात तिघेही आले असे समजावे. विशेषतः चुका सांगताना!

भवानी पेठेतल्या लाकूडबाजारात आमच्या एका परिचिताची वखार आहे. नव्या लाकडाबरोबर तिथे जुने सागवानही येते. जुने म्हणजे वाड्यांचे. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, त्या पुरात नदीकाठचे कितीतरी वाडे बसले. जे उरले ते पुढे एकेक करून इमारतींसाठी उतरवले गेले, अजूनही उतरवले जात आहेत. त्या वाड्यांच्या तुळया, खांब, कडीपाट यांतले सागवान आज नव्याने मिळणे कठीण. शे-दीडशे वर्षे वाळलेले ते लाकूड सहसा वाकत नाही आणि रंध्याखाली रेशमासारखे निघते. म्हणून त्याला गिऱ्हाईक आहे. पण त्या लाकडाच्या पोटात एक वैरी दडलेला असतो, तो म्हणजे खिळा.

वाड्यातल्या तुळईला कोणी काय ठोकावे याला धरबंध नसतो. पाळण्याची कडी, चित्राच्या चौकटीची चूक, वळणीच्या दोरीचा मोळा, विजेच्या पट्टीचे बारीक खिळे, सगळे तिथे असते. काळाने खिळ्याचे डोके झडते, वर रंगाचे चार थर बसतात आणि बाहेरून काही दिसेनासे होते. असे लाकूड पट्ट्याच्या करवतीखाली गेले की वेगाने फिरणारा तो पोलादी पट्टा खिळ्यावर आदळतो. नशीब बरे असले तर दाते बोथट होतात. नसले तर दाता उडतो, किंवा पट्टाच तुटतो. करवतीपुढे उभा असलेला माणूस त्या वेळी हातभर अंतरावर असतो.

म्हणून लाकूड करवतीवर चढवण्यापूर्वी त्याच्यावरून धातुशोधक यंत्र फिरवतात. यंत्र बोलले की तिथे खडूची खूण करायची, पटाशीने खिळा उकरून काढायचा आणि मग लाकूड पुढे द्यायचे.

हे यंत्र काम कसे करते ते थोडक्यात सांगतो. त्याच्या चपट्या डोक्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून क्षणोक्षणी दिशा बदलणारा विजेचा प्रवाह सोडला जातो. त्यामुळे भोवती बदलते चुंबकक्षेत्र तयार होते. बदलत्या चुंबकक्षेत्राने जवळच्या धातूत वीज उत्पन्न होते, हा फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेला नियम. खिळ्यात असे बारीक भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागले की ते आपले स्वतःचे इवलेसे चुंबकक्षेत्र उभे करतात. दुसरे वेटोळे ते ओळखते आणि शिट्टी वाजते. अंधारात हाक मारावी आणि भिंतीवरून येणारा प्रतिध्वनी ऐकावा, तसाच हा प्रकार आहे. लाकूड प्रतिध्वनी देत नाही, लोखंड देते.

इथे एक लक्षात ठेवावे. यंत्र धातू ओळखते, धातूची किंमत ओळखत नाही. हे काम आमच्या हाती आल्याचे कळताच एका गृहस्थांनी आपल्या मावळातल्या शेतात पुरलेले धन शोधून द्याल का, अशी विचारणा केली. त्यांना आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. एक, हे यंत्र चार बोटांपलीकडचे ऐकत नाही. दुसरी, जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, असा १८७८ पासून कायदा आहे. गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

असो. वखारीच्या मालकांची तक्रार बॅटरीविषयी होती. यंत्रात नऊ व्होल्टची चौकोनी कोरडी बॅटरी बसे. दर तिसऱ्या दिवशी ती संपे. वर्षाकाठी शंभर बॅटऱ्या केराच्या टोपलीत. मालक म्हणाले, “काका, मोबाइल जसा रात्री लावून ठेवतो तसं याचं काही करता येईल का? रोज उठून बॅटरी आणायला माणूस पाठवायचा म्हणजे काय!” आम्ही म्हटले, “त्यात काय, एका संध्याकाळचे काम.” हे आमचे शब्द होते. ते नीट ध्यानात ठेवावेत.

बॅटरी बदलायची म्हणजे काय बदलायचे, हे समजण्यासाठी एक पुणेरी दृष्टांत घेऊ. पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजच्या तलावाचे पाणी दगडी नळातून शहरात आणले आणि पेठापेठांतले हौद भरले. त्या नळाला ना पंप होता ना इंजिन. कात्रज उंचावर आणि शहर सखल, या उंचीच्या फरकावर पाणी चाले. विजेच्या बाबतीत या उंचीला व्होल्ट म्हणतात. तलावात पाणी किती आहे ती झाली बॅटरीची धारणा. ती मिलिअँपिअर-तासांत मोजतात. आणि नळ किती रुंद आहे, वाटेत गाळ किती साचला आहे, तो झाला बॅटरीचा अंतर्गत रोध. तलाव भरलेला असूनही नळ तुंबला तर हौद कोरडा. उंची पुरेशी असूनही तलाव आटला तरी हौद कोरडाच. तिन्ही गोष्टी जमाव्या लागतात.

आता हिशेब पाहा. नऊ व्होल्टच्या कोरड्या बॅटरीचे पत्र्याचे आवरण सोलले तर आत दीड-दीड व्होल्टचे सहा छोटे घट एकापुढे एक जोडलेले दिसतात. सहा गुणिले दीड, नऊ. उंची झाली, पण तलाव लहान. चांगल्या प्रतीच्या बॅटरीची धारणा सुमारे ५०० मिलिअँपिअर-तास. आमचे यंत्र सरासरी २५ मिलिअँपिअर घेई. पाचशेला पंचवीसने भागले की २० तास. रोज सहा-सात तास काम धरले तर तीन दिवस. मालकांची तक्रार गणिताशी तंतोतंत जुळत होती.

पुन्हा पुन्हा भारित करता येणारे जे निकेल-धातू-हायड्राइडचे घट बाजारात मिळतात, ते दिसायला टॉर्चच्या छोट्या सेलसारखे. त्यांची धारणा २००० मिलिअँपिअर-तास, म्हणजे चौपट. वीस तासांचे ऐंशी तास झाले. मात्र त्यांची उंची कमी असते. दर घटाला दीडऐवजी १.२ व्होल्ट. सहा घट जोडले तर ७.२ व्होल्टच होतात. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिले होते की दाब ७ व्होल्टवर आला की तांबडा दिवा लागेल आणि १० व्होल्टच्या वर दाब देऊ नये. सहा घट घातले तर दिवा पहिल्या दिवसापासूनच लागायचा. आठ घातले तर ९.६ होतात खरे, पण नुकताच भारित केलेला घट १.४ व्होल्टपर्यंत चढतो, आठांचे ११.२, म्हणजे मर्यादेबाहेर. सात घट घातले तर कामाच्या वेळी ८.४ आणि भारित केल्याबरोबर ९.८. दोन्ही टोके मर्यादेत. सात ही संख्या आम्हांला इतकी पसंत पडली की आम्ही एकमेकांच्या पाठी थोपटल्या.

सात घट मूळ खोबणीत मावणार नव्हते. म्हणून आम्ही ते एका प्लॅस्टिकच्या डबीत बसवले आणि डबी यंत्राच्या डोक्याशेजारी पट्टीने बांधली. म्हणजे हातातले वजन नीट तोलले जाईल असा विचार. कळ दाबली आणि यंत्राने जी शिट्टी धरली ती सोडीना. खोलीतले सगळे लोखंड बाहेर काढले, खुर्च्या हलवल्या, मनगटावरची घड्याळे उतरवली. शिट्टी चालूच. शेवटी आमच्यातल्या एकाच्या पत्नीने चहा आणताना विचारले, “त्या सेलना पत्रा असतो ना?” असतो! घटाचे आवरण पोलादाचे असते. यंत्र आपल्याच शिदोरीवर भुंकत होते.

आमच्यासारख्या लहान माणसांना यात एक समाधान असे की थोरामोठ्यांनाही हे चुकले नाही. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर २ जुलै १८८१ रोजी गोळी झाडली गेली. गोळी शरीरात नेमकी कुठे आहे ते डॉक्टरांना सापडेना. तेव्हा टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने धातू शोधणारे यंत्र घाईने तयार केले आणि राष्ट्राध्यक्षांच्या बिछान्यापाशी नेले. पहिल्या खेपेला त्यातला एक भाग चुकीच्या ठिकाणी जोडला गेला होता आणि कानात नुसती खरखर आली. दुसऱ्या खेपेलाही गोळी सापडली नाही. रुग्णाच्या गादीखालच्या पोलादी तारांनी घोटाळा केला, असे सांगितले जाते. गारफील्ड त्याच वर्षी १९ सप्टेंबरला गेले. बेलचे तत्त्व खरे होते. यंत्राच्या भोवती काय आहे, याकडे मात्र तत्त्वाइतकेच लक्ष द्यावे लागते.

आम्ही डबी मुठीच्या मागच्या टोकाला नेली, मधे दीड हाताची तार ठेवली आणि शिट्टी थांबली. तारेच्या सुरुवातीलाच एक बारीक फ्यूज बसवला, कारण भारित घटांची टोके चुकून एकमेकांना टेकली तर तार तापून लाल होते आणि वखारीत भुसा असतो. लिथियमचे घट घ्यावेत असाही एक विचार निघाला होता. दोन लिथियम घटांत काम भागले असते आणि वजनही घटले असते. पण त्यांना अतिभारापासून आणि अतिरिक्तपणापासून जपणारी पट्टी लागते, आणि एखादा घट चेचला तर पेट घेण्याचा धोका असतो. भुशाच्या ढिगाऱ्याजवळ ते साहस नको, असे ठरले. एकाच घटाचा दाब वाढवून नऊ व्होल्ट करणारे छोटे मंडलही आम्ही लावून पाहिले. ते स्वतःच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करते. त्याची गुणगुण धातुशोधकाच्या कानात शिरली आणि खिळ्याचा आवाज तिच्यात बुडाला. तोही बेत सोडला.

अशा रीतीने यंत्र सिद्ध झाले. वखारीत नेले, लाकडावरून फिरवले. पूर्वीइतकेच, किंबहुना पूर्वीपेक्षा स्वच्छ बोलले. दर सोमवारी रात्री भारित करायचे असा पाठ घालून दिला. पाच आठवडे सुरळीत गेले. मालकांनी आंब्याची पेटी पाठवली. आम्ही ती खाल्ली.

सहाव्या आठवड्यात सोमवारी भारित करायचे राहून गेले. यंत्र चालते आहे, मग घाई कशाला, असे पोऱ्याला वाटले. पुढच्या शनिवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला तांबडा दिवा लागला. करवतीवरच्या मिस्त्रींनी तो पाहिला. सहा वर्षे ते हे यंत्र हाताळत होते. दिवा लागला तरी दिवसभराचे काम आटपते आणि संध्याकाळी बॅटरी बदलली की झाले, हा त्यांचा सहा वर्षांचा अनुभव होता. त्यांनी काम चालू ठेवले. बारानंतर एक तुळई पुढे आली. त्यांनी यंत्र फिरवले. यंत्र काही बोलले नाही. तुळई करवतीवर चढली.

आत जुना मोळा होता. पट्टा तुटला, एक दाता उडाला आणि मिस्त्रींच्या डाव्या भुवईत घुसला. दोन टाके पडले. डोळा अर्ध्या बोटाने वाचला.

संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा मालक रागावले नव्हते आणि मिस्त्री तर उलट आम्हांलाच धीर देत होते. म्हणाले, “साहेब, माझंच चुकलं. पण इतकी वर्षं दिवा लागल्यावर संध्याकाळपर्यंत चालत होतं की हो!” त्या एका वाक्याने आम्ही खाली मान घातली. मिस्त्रींचे काहीच चुकले नव्हते. चुकले होते आमचे. ते कसे, हा आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे.

कोरडी बॅटरी उताराच्या रस्त्यासारखी असते. नवी असताना तिचा दाब साडेनऊच्या जवळ असतो आणि वापराबरोबर तो हळूहळू, एकसारखा उतरत जातो. सात व्होल्टवर दिवा लागतो तेव्हा दर घटावर सुमारे १.१७ व्होल्ट उरलेले असतात आणि अंगातली जवळजवळ तिसरा हिस्सा वीज शिल्लक असते. आमच्या यंत्राच्या हिशेबाने सहा-सात तासांची, म्हणजे नेमकी एका दिवसाच्या कामाची. यंत्र करणाऱ्याने दिवा सात व्होल्टवर लावला होता तो याच गणिताने. मिस्त्रींना व्होल्ट ठाऊक नव्हते. पण त्या गणिताचे उत्तर त्यांना अनुभवाने पाठ होते.

आमच्या नव्या घटांचा स्वभाव निराळा. ते सह्याद्रीच्या पठारासारखे असतात. भारित केल्यावर थोडे उतरतात, मग शेवटपर्यंत १.२ व्होल्टच्या आसपास सपाट चालतात आणि कडा आला की एकदम खाली कोसळतात. त्यांच्या बाबतीत सात व्होल्ट म्हणजे दर घटाला एक व्होल्ट, म्हणजे कड्याचे टोक. सातांतला एखादा घट दुबळा असेल तर तो आधी जातो आणि बाकीच्यांना बरोबर ओढतो. दिवा लागला तेव्हा उरली होती ती जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाची शिदोरी. त्यानंतर दाब सहाच्या खाली गेला, शोध घेणारे मंडल थांबले. दिव्याला मात्र तेवढा दाबही पुरतो, म्हणून तो मिणमिणत राहिला आणि यंत्र जिवंत असल्याचा भास झाला.

आम्ही व्होल्ट जुळवले, धारणा चौपट केली, सगळे मोजमाप मर्यादेत बसवले. पण तो तांबडा दिवा जुन्या बॅटरीची भाषा बोलत होता, आणि मिस्त्री ती भाषा समजत होते. आम्ही बॅटरी बदलली आणि इशारा तसाच ठेवला. तोच दिवा, तीच जागा. अर्थ मात्र बदललेला. हे आम्ही कोणाला सांगितले नाही, कारण आम्हांलाच ते सुचले नव्हते.

याहूनही खोल एक गोष्ट आहे. धातुशोधक यंत्र गप्प राहते ते दोन कारणांनी. समोर धातू नसेल तर गप्प राहते आणि स्वतः मेलेले असेल तरी गप्पच राहते. या दोन शांतता कानाला सारख्याच लागतात. पंखा बंद पडला तर उकडते, दिवा विझला तर अंधार होतो. त्यांची बॅटरी गेली हे कळल्यावाचून राहत नाही. पहारा करणाऱ्या यंत्राचे तसे नाही. त्याचे मरण आणि आपली सुरक्षितता यांचा आवाज एकच.

ही गोष्ट ज्यांच्या जिवाशी गाठ घालते अशी माणसे आपल्या शेजारीच, खडकीला राहतात. मुंबई सॅपर्सचे केंद्र तिथे आहे. शत्रूने पेरलेले सुरुंग काढून सैन्याला वाट करून देणे हे त्यांच्या कामांपैकी एक. याच पलटणीतले सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९४१ च्या आरंभी ॲबिसिनियाच्या मोहिमेत सैन्याच्या अग्रभागी राहून चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरची सुरुंगांची पंधरा क्षेत्रे शोधून मोकळी केली. दोनदा त्यांच्याखालची गाडी उडाली, पुढे एका स्फोटाने एका कानाचा पडदा फाटला, तरी त्यांनी काम सोडले नाही. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे हेही मुंबई सॅपर्सचेच. ८ ते ११ एप्रिल १९४८ या दिवसांत त्यांनी नौशेरा-राजौरीच्या रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे गोळीबाराखाली दूर करून रणगाड्यांना वाट दिली आणि परमवीरचक्र मिळवले. १९९४ साली त्यांचे निधन झाले ते या पुण्यातच.

सुरुंग शोधण्याचे हातात धरून चालवायचे यंत्र महायुद्धात ज्याने नावारूपाला आणले तो युझेफ कोसात्स्की नावाचा पोलिश अधिकारी. मायदेश गेलेला, ब्रिटनच्या आश्रयाला आलेला. त्याने आपल्या यंत्राचे हक्क राखून न ठेवता ते ब्रिटिश सैन्याला दिले. १९४२ च्या अल अलामीनच्या लढाईत अशी सुमारे ५०० यंत्रे वापरली गेली आणि सुरुंग काढण्याचा वेग जवळजवळ दुप्पट झाला. एका यंत्राचे वजन १४ किलोच्या आसपास. त्या काळी व्हॉल्व्हची यंत्रे असत. वीज नसलेल्या खेड्यातल्या जुन्या रेडिओप्रमाणे व्हॉल्व्ह तापवायला एक बॅटरी आणि वरचा दाब द्यायला दुसरी. वाळवंटातल्या रात्री त्यांतली एखादी थकली, तर पुढचे पाऊल कशाच्या आधारावर टाकायचे?

आजही जगभर सुरुंग काढणारी माणसे दोन नियम पाळतात. पहिला असा की कामाला लागण्यापूर्वी, आणि बॅटरी बदलली की प्रत्येक वेळी, ठराविक धातूचा एक तुकडा समोर ठेवून यंत्र बोलते की नाही ते पाहायचे. दुसरा नियम यंत्रातच घातलेला असतो. पुष्कळ यंत्रे काही सापडले नाही तरी ठराविक अंतराने बारीक ‘टिक्’ असा आवाज करतात. रात्रीचा पहारेकरी “जागते रहो” म्हणून हाक देत फिरे, ती चोर आला म्हणून नव्हे. पहारेकरी जागा आहे हे घराघरांत कळावे म्हणून. ही ‘टिक्’ तीच हाक आहे.

आम्ही हे दोन्ही नियम भवानी पेठेत आणले. सागवानाच्या एका फळकुटात दोन इंची खिळा ठोकून, वर पातळ फळी चिकटवून तो झाकला आणि ते फळकूट करवतीच्या खांबाला सुतळीने टांगले. प्रत्येक लाकूड तपासण्यापूर्वी यंत्र आधी त्या फळकुटावरून न्यायचे, तपासून झाल्यावर पुन्हा एकदा न्यायचे. दोन्ही वेळा शिट्टी वाजली तरच मधल्या शांततेवर विश्वास ठेवायचा. मिस्त्री त्या फळकुटाला ‘साक्षीदार’ म्हणतात.

मग यंत्र उघडले. एक रोधक बदलून दिवा सातऐवजी आठ व्होल्टवर लागेल असे केले. घट पूर्ण भारित करून, घड्याळ लावून, शेवटपर्यंत चालवून पाहिले. दिवा लागल्यापासून यंत्र थांबेपर्यंत तीन तासांहून थोडा अधिक वेळ मिळाला. पण पठारावर चालणाऱ्याला कडा किती दूर आहे ते व्होल्ट मोजून नीट कळत नाही. म्हणून दिव्यावर विसंबायचे नाही असे ठरवून घटांचे दोन संच केले. एक यंत्रात, एक भारित होत असलेला. आता दर सोमवारी दिवा लागो न लागो, संच बदलायचाच.

शेवटी ‘टिक्’ बसवली. हे काम आम्हांला सर्वांत आवडले. डोक्यातल्या वेटोळ्याशेजारी तारेचे एक लहानसे कडे ठेवले. ते एरवी तुटलेले असते, म्हणून यंत्राला दिसत नाही. दर तीन सेकंदांनी एक छोटी कळ आपोआप ते क्षणभर जोडते. जोडले की ते कडे धातूच्या तुकड्यासारखे वागते आणि यंत्र ‘टिक्’ करते. यंत्र स्वतःच स्वतःला चिमटा काढून जागे आहे का ते पाहते, असे म्हणा ना. बॅटरी गेली, वेटोळे तुटले, शिट्टी बिघडली, काहीही झाले तरी टिक् थांबते. टिक् थांबली की करवत थांबते. वखारीतल्या गोंगाटात ती ऐकू यावी म्हणून मिस्त्रींनी कानात घालायची एक नळी मागून घेतली.

एका संध्याकाळचे काम म्हटले होते. त्याला दोन महिने लागले.

आपण म्हणाल, हे वखारीचे झाले, आम्हांला याचे काय? १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत स्फोट झाला आणि १७ माणसे गेली. त्या दिवसानंतर आपल्या शहरातही चित्रपटगृहांच्या, मोठ्या दुकानांच्या, उत्सवातल्या मंडपांच्या दारात असली यंत्रे हाती घेतलेली माणसे उभी राहिलेली आपण पाहिली. यंत्र अंगावरून फिरते, काही बोलत नाही, आपण आत जातो. आत गेल्यावर आपल्याला जो निर्धास्तपणा वाटतो तो त्या शांततेच्या भरवशावर. पहाऱ्यावरच्या माणसाने सकाळी आपल्या किल्ल्यांच्या जुडग्यावर यंत्र एकदा धरून पाहिले असेल, तर ती शांतता खरी. नसेल, तर ती कशाची शांतता आहे हे त्यालाही ठाऊक नाही आणि आपल्यालाही नाही. किल्ल्यांवर यंत्र धरायला दोन सेकंद लागतात आणि पैसा एकही लागत नाही. असे करणारा पहारेकरी दिसला तर त्याला उशीर लावतो म्हणून रागावू नये. त्याचे आभार मानावेत.

जुन्या साधनाला नवी शक्ती जोडण्याचे काम आपण सगळेच करतो आहोत. घड्याळात, इन्व्हर्टरमध्ये, रिक्षात आणि दुचाकीत जुन्या बॅटरीची जागा नवी बॅटरी घेत आहे. ते व्हावेच. आमचे सांगणे इतकेच आहे की नवी बॅटरी बसवताना दोन प्रश्न विचारावेत. पहिला, ही संपत आली की कशी सांगेल? आणि दुसरा, हे साधन रोज वापरणाऱ्या माणसाला जुन्या बॅटरीने जे शिकवले आहे ते आता खोटे ठरणार आहे का? ठरणार असेल तर ते त्याला आधी सांगावे, यंत्र हातात द्यावे ते नंतर.

मिस्त्री आता बरे आहेत. भुवईत एक पांढरी रेघ राहिली आहे. परवा आम्ही वखारीत गेलो होतो. नारायण पेठेतल्या एका वाड्याची तुळई आली होती. त्यांनी साक्षीदारावरून यंत्र नेले, शिट्टी वाजली. तुळईवरून नेले, दोन ठिकाणी शिट्टी वाजली, खडूच्या खुणा झाल्या. पुन्हा साक्षीदारावरून नेले, पुन्हा शिट्टी वाजली. मग त्यांनी आमच्याकडे पाहून मान हलवली आणि पटाशी हातात घेतली.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत. आजच्या या विषयानंतर ही शांतता कोणत्या प्रकारची होती, ते मात्र टाळ्यांवरूनच कळेल!